फॉरमॅटचं बटण दाबण्याआधी

पोर्टेबल हार्ड डिस्क लॅपटॉपला लावली की एरवी काही क्षणांत तिचं नाव पडद्यावर येतं. एखाद्या दिवशी नाव येत नाही, एक चौकट येते. ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल, करायची का, असं विंडोज विचारतं. आत मुलीच्या जन्मापासूनचे फोटो असतात, कुणाच्या दिवाळी अंकाची पानं असतात, एखाद्या फोटोग्राफरनं अख्ख्या लग्नसराईत काढलेलं सगळं काम असतं. माणूस घाबरतो आणि घाबरला की काहीतरी करून बघतो. बटण दाबतो, डिस्क दहा वेळा काढून लावतो, यूट्यूबवर दिसलेलं पहिलं सॉफ्टवेअर उतरवून चालवतो. मूळ बिघाडातून वाचलेल्या फाइली अनेकदा या धडपडीत जातात. म्हणून काय करायचं याच्या आधी, डिस्कच्या आत नक्की काय झालेलं असतं ते समजून घेऊ.

त्या चौकटीचा अर्थ एवढाच असतो, की डिस्कवरच्या नोंदी विंडोजला वाचता आल्या नाहीत. काहीही पुसलं गेलेलं नसतं. डिस्कवर दोन गोष्टी वेगवेगळ्या राहतात: फाइलीतला मजकूर, आणि तो कुठे ठेवलाय याची नोंद. शेत शिवारात असतं आणि त्याचा सातबारा तलाठ्याच्या दप्तरात. दप्तर भिजलं, फाटलं, तरी शेत जागचं हलत नाही. ते कुणाचं आणि कुठून कुठवर, एवढंच सांगता येईनासं होतं. डिस्क मॅनेजमेंटच्या खिडकीत अशा डिस्कपुढे 'रॉ' असं लिहून येतं, ते याच अर्थानं.

आता हे दप्तर कसं असतं ते पाहू. डिस्कची जागा सेक्टर नावाच्या छोट्या तुकड्यांत विभागलेली असते. पूर्वी एक सेक्टर ५१२ बाइटचा असे. गेल्या पंधरा वर्षांतल्या डिस्कवर तो बहुधा ४,०९६ बाइटचा असतो. असे सेक्टर एकत्र करून क्लस्टर बनतो आणि फाइल क्लस्टरांत मांडली जाते. एनटीएफएस पद्धतीत क्लस्टर साधारणपणे ४ किलोबाइटचा असतो, म्हणजे मोबाइलनं काढलेला ५ मेगाबाइटचा एक फोटो बाराशेहून जास्त क्लस्टर अडवतो. कोणता क्लस्टर कोणत्या फाइलीचा, हे 'मास्टर फाइल टेबल' नावाच्या कोष्टकात लिहिलेलं असतं. प्रत्येक फाइलीसाठी त्यात साधारण १ किलोबाइटची नोंद असते: नाव, तारखा, आकार, पत्ता. एक टेराबाइटच्या डिस्कवर लाखभर फाइली असतील तर हे सगळं कोष्टक शंभर मेगाबाइटच्या आसपास भरतं. डिस्कच्या दहा हजारांश जागेत बिघाड झाला आणि तो नेमका इथे झाला, तर उरलेली सगळी डिस्क शाबूत असूनही रिकामी किंवा करप्ट दिसते.

फाइल डिलीट करतो तेव्हाही मजकुराला हात लागत नाही. एनटीएफएसमध्ये त्या नोंदीवर 'वापरात नाही' अशी खूण होते आणि तिचे क्लस्टर मोकळे म्हणून जाहीर होतात. जुन्या फॅट पद्धतीत फाइलीच्या नावाचं पहिलं अक्षर बदलून त्या जागी एक ठरावीक बाइट लिहिला जाई. १९९१ मध्ये आलेल्या एमएस-डॉस ५ मध्ये 'अनडिलीट' ही आज्ञा होती. ती फाइल परत आणताना वापरणाऱ्यालाच विचारायची, नावाचं पहिलं अक्षर कोणतं होतं ते सांगा. बाकीचं सगळं तिला डिस्कवर सापडलेलं असे. क्विक फॉरमॅटही असंच काम करतं: नवं, कोरं कोष्टक मांडतं आणि खालचा मजकूर तसाच सोडतं. त्यामुळे घाबरून ते बटण दाबलं गेलं असेल तरी हातपाय गाळू नयेत. पूर्ण फॉरमॅटची गोष्ट वेगळी. विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट सगळ्या डिस्कवर शून्यं लिहीत जातं, आणि त्यानंतर शोधायला काही उरत नाही.

इथे एका गैरसमजाबद्दल बोलायला हवं, कारण त्यापायी लोक पैसे घालवतात. मजकुरावर दुसरं काही लिहिलं गेलं तरी प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकानं जुना मजकूर वाचता येतो, असं पुष्कळांना वाटतं. पीटर गटमन यांच्या १९९६ च्या एका शोधनिबंधामुळे ही समजूत पसरली. त्यात त्यांनी त्या काळातल्या डिस्क लक्षात घेऊन, मजकूर पक्का पुसण्यासाठी ३५ वेळा लिहिण्याची पद्धत मांडली होती. आजच्या डिस्कवर खुणा इतक्या दाट असतात, की एकदा वर लिहिलं गेलं की खालचं गेलं. म्हणजे फाइल परत मिळण्याची शक्यता जवळपास एकाच गोष्टीवर ठरते: बिघाडानंतर त्या डिस्कवर काय काय लिहिलं गेलं. रिकव्हरीचं सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर उतरवणं, सापडलेल्या फाइली त्याच डिस्कवर साठवणं, 'बघू चालते का' म्हणून तिच्यावर एखादा सिनेमा कॉपी करणं, हे सगळं हरवलेल्या फाइलींच्या अंगावर लिहिणं आहे.

बिघाड दोन जातींचे असतात आणि त्यांचे उपचार एकमेकांच्या उलट आहेत. पहिल्या जातीत डिस्कची यंत्रणा ठीक असते, नोंदी बिघडलेल्या असतात. कॉपी चालू असताना केबल ओढली गेली, वीज गेली, लॅपटॉपची बॅटरी संपली, की नोंद अर्धवट राहते. एनटीएफएस नोंदींतल्या प्रत्येक बदलाचं आधी टिपण ठेवतं, म्हणून ते अशा धक्क्यातून बऱ्याचदा सावरतं. विंडोज आणि मॅक दोन्हींवर चालावी म्हणून आपण डिस्कला एक्सफॅट करतो, त्यात अशी टिपणं नसतात. फॅट३२ आपल्या कोष्टकाच्या दोन प्रती ठेवायचं. एक्सफॅट बहुधा एकच ठेवतं. दोन्ही संगणकांवर चालण्याची सोय मोठी आहे हे खरं, पण 'सेफली रिमूव्ह' न करता डिस्क उपटण्याची सवय एक्सफॅटला महागात पडते.

दुसऱ्या जातीत यंत्रच आजारी असतं. चकत्या मिनिटाला ५,४०० फेऱ्या मारत असतात आणि वाचणारं हेड त्यांच्यावरून काही नॅनोमीटर उंचीवर तरंगतं. हवेतला धुळीचा साधा कण त्या फटीच्या शेकडो पट मोठा असतो. फिरत असलेली डिस्क टेबलावरून पडली की हेड चकतीवर आपटतं, घासतं, कधी तुटून लोंबकळतं.

या दोन्हींच्या आधी मात्र तिसरी, साधी शक्यता तपासावी: केबल. यूएसबी २ चा पोर्ट ५०० मिलिअँपिअर आणि यूएसबी ३ चा ९०० मिलिअँपिअर वीज देतो. चकती फिरायला लागताना डिस्कला सगळ्यात जास्त वीज लागते. सैल झालेली केबल, डेस्कटॉपचा पुढचा पोर्ट, चार गोष्टी लावलेला हब, यांतून ती पुरत नाही आणि चांगली डिस्क आजारी वाटते. दुसरी केबल, मागचा पोर्ट, दुसरा संगणक, एवढं एकेकदा करून पाहावं. त्या वेळी कान डिस्ककडे ठेवावेत. एकसारखी मंद घरघर असेल आणि संगणक डिस्कची क्षमता बरोबर दाखवत असेल, तर बिघाड बहुधा नोंदींचा. ठरावीक अंतरानं टक्, टक् असा आवाज, खरवडल्यासारखा आवाज, किंवा चकती फिरायला लागून थांबणं, यांपैकी काही असेल तर डिस्क ताबडतोब बंद करावी आणि पुन्हा लावू नये. तुटलेलं हेड प्रत्येक फेरीला चकतीवरचा चुंबकीय थर खरवडत असतं. खरवडलेल्या थराबरोबर त्यावरचा मजकूरही जातो, आणि तो कुठलीही प्रयोगशाळा परत देऊ शकत नाही.

डिस्कची तब्येत पाहायला 'स्मार्ट' नावाची सोय डिस्कमध्येच असते. क्रिस्टलडिस्कइन्फोसारखं मोफत सॉफ्टवेअर ते आकडे दाखवतं. त्यात क्रमांक ५, म्हणजे खराब म्हणून बदललेले सेक्टर, आणि १९७, म्हणजे वाचता येत नसलेले, निर्णयाची वाट पाहणारे सेक्टर, यांपुढे शून्याशिवाय काही दिसलं तर सावध व्हावं. शून्य दिसलं म्हणून निर्धास्त मात्र होऊ नये. गूगलनं आपल्या लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध केला. बंद पडलेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कवर स्मार्टच्या चार मुख्य इशाऱ्यांपैकी एकही उमटलेला नव्हता. तापमान सोडून बाकीचे सगळे आकडे धरले, तरी ३६ टक्के डिस्क काहीच न सांगता गेल्या होत्या.

आता नोंदी बिघडलेल्या डिस्ककडे वळू. गल्लीतला जाणकार इथे हमखास एक सल्ला देतो: 'चेकडिस्क मार.' विंडोज स्वतःही 'स्कॅन अँड फिक्स' म्हणून तेच सुचवतं. माझं मत स्पष्ट आहे, फाइली महत्त्वाच्या असतील तर आधी हे करू नये. चेकडिस्कचं काम फाइल सिस्टीमच्या नोंदी एकमेकींशी जुळवून देणं आहे. जी नोंद जुळत नाही ती ते कापून टाकतं, ज्या तुकड्याचा मालक सापडत नाही तो 'फाउंड' नावाच्या फोल्डरमध्ये क्रमांक देऊन टाकतं. शेवटी डिस्क उघडते, पण फोल्डर रिकामे असतात आणि नावं गेलेली असतात. हे सगळं मूळ डिस्कवर लिहून होतं, त्यामुळे मागे फिरता येत नाही. त्यातून डिस्कचे सेक्टर खराब होत असतील, तर तासन्‌तास चालणारी ती तपासणीच तिला शेवटच्या टोकाला नेते.

जाणकार मंडळी त्याऐवजी पहिल्यांदा डिस्कची प्रतिमा काढतात. प्रतिमा म्हणजे फाइलींची कॉपी नव्हे. नोंदी, मजकूर, मोकळी जागा, जे काही आहे ते पहिल्या सेक्टरपासून शेवटच्या सेक्टरपर्यंत जसंच्या तसं दुसऱ्या, तेवढ्याच किंवा मोठ्या डिस्कवर उतरवायचं. एकदा प्रतिमा हाती आली की मूळ डिस्क कपाटात ठेवून देता येते आणि प्रतिमेवर हवे तितके प्रयोग करता येतात. चुकलं तर दुसरी प्रत काढायची.

या कामासाठी अंतोनिओ दियाझ दियाझ या प्रोग्रामरनं लिहिलेलं 'जीएनयू डीडीरेस्क्यू' हे मोफत साधन मला फार विचारी वाटतं. साधं कॉपी करणारं सॉफ्टवेअर खराब सेक्टरपाशी अडतं, पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करतं, आणि तेवढ्यात डिस्क दम तोडते. डीडीरेस्क्यू उलट चालतं. जे सहज वाचता येतंय ते आधी झपाट्यानं उचलतं, अडलं की पुढे उडी मारतं. चांगला भाग सुरक्षित झाल्यावर मग अडलेल्या जागांकडे वळतं, त्यांच्या कडा वाचून काढतं, आणि अगदी शेवटी एकेक सेक्टर घेऊन झगडतं. काय वाचलं, काय राहिलं याचा नकाशा ते वेगळ्या फाइलीत लिहीत जातं. त्यामुळे डिस्क तापली म्हणून रात्री थांबवलं, तरी सकाळी तिथूनच पुढे जाता येतं. निरोगी डिस्क सेकंदाला शंभर मेगाबाइटच्या वेगानं वाचली तर एक टेराबाइटला पावणेतीन तास लागतात. आजारी डिस्कला दिवस लागू शकतात. हे साधन लिनक्सवर चालतं. उबुंटूसारख्या लिनक्सचा पेन ड्राइव्ह बनवून त्यावरून संगणक सुरू केला की झालं, विंडोज हलवावं लागत नाही. आज्ञा देताना मात्र कुठून वाचायचं आणि कुठे लिहायचं हे तीनदा तपासावं. दोन नावांची अदलाबदल झाली तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर लिहिली जाते.

प्रतिमा मिळाली की शोध सुरू होतो. फ्रान्सच्या ख्रिस्तोफ ग्रनिए यांनी लिहिलेली 'टेस्टडिस्क' आणि 'फोटोरेक' ही जोडगोळी इथे उपयोगी पडते. दोन्ही मोफत आहेत. टेस्टडिस्क नोंदींचा माग काढतं. एनटीएफएस आपल्या बूट सेक्टरची एक प्रत विभागाच्या अगदी शेवटी ठेवतं. पुढची प्रत बिघडली असेल तर टेस्टडिस्क मागच्या प्रतीवरून ती उभी करतं, आणि कित्येकदा सगळी फोल्डरं नावानिशी परत दिसतात.

नोंदींचा काहीच मागमूस नसेल तर फोटोरेक दप्तर बाजूला ठेवून थेट शिवारात उतरतं. प्रत्येक प्रकारच्या फाइलीची सुरुवात ठरलेली असते. जेपेग फोटो एफएफ, डी८, एफएफ या तीन बाइटांनी सुरू होतो. पीडीएफच्या सुरुवातीला टक्केवारीची खूण आणि पीडीएफ ही अक्षरं असतात. झिप फाइल 'पीके'नं सुरू होते, ती झिपचा कर्ता फिल कॅट्झ याची आद्याक्षरं. आणि आजची वर्डची डॉक्स फाइलही आतून झिपच असल्यामुळे तिचीही सुरुवात तीच. फोटोरेक डिस्क सेक्टरमागून सेक्टर वाचत या खुणा शोधतं आणि तिथून पुढचा मजकूर फाइल म्हणून उचलतं. या पद्धतीत नावं आणि फोल्डर परत येत नाहीत. हजारो फोटो नुसत्या क्रमांकांनी हाती येतात. फोटोच्या आत कॅमेऱ्यानं लिहिलेली तारीख टिकून असते, तिच्या आधारे ते वर्षवार लावता येतात. अडचण येते ती तुकड्यांत विखुरलेल्या फाइलींची. डिस्क गच्च भरलेली असेल, त्यात सतत पुसणं-भरणं चाललेलं असेल, तर एका व्हिडिओचे तुकडे दूर दूर पडतात आणि खुणेवरून फक्त पहिला तुकडा सापडतो.

फाइल सलग असणं किती मोलाचं ठरतं, याचं सगळ्यात हृदयस्पर्शी उदाहरण कोलंबिया यानाचं आहे. १ फेब्रुवारी २००३ रोजी पृथ्वीवर परतताना कोलंबिया टेक्सासच्या आकाशात तुटलं आणि कर्नालच्या कल्पना चावलांसह सातही अंतराळवीर गेले. त्या मोहिमेत झेनॉन वायूच्या चिकटपणाचा एक प्रयोग होता. त्याची मोजमापं काहीशे मेगाबाइटच्या एका हार्ड डिस्कवर साठत होती. बरीच माहिती उड्डाण चालू असताना रेडिओनं खाली आली होती, सगळी नव्हे. सुमारे सहा महिन्यांनी ती डिस्क टेक्सासमधल्या एका कोरड्या तळ्याच्या पात्रात सापडली: जळलेली, वितळलेली, आत माती गेलेली. मिनेसोटातल्या क्रोल ऑनट्रॅक या कंपनीतले अभियंता जॉन एडवर्ड्‌स यांनी ती उघडली. इलेक्ट्रॉनिक भाग जळून गेले होते, पण चकत्यांवर मजकूर असलेली जागा ओरखड्यांतून वाचली होती. त्यांनी चकत्या रसायनानं धुतल्या, नव्या डिस्कच्या सांगाड्यात बसवल्या आणि ९९ टक्के माहिती परत मिळवली. दोन गोष्टी मदतीला आल्या. डिस्क निम्मीच भरलेली होती, आणि यानातला संगणक जुन्या डॉसवर चालत असल्यामुळे माहिती विखुरलेली नव्हती, सलग मांडलेली होती. त्याच यानातल्या आणखी दोन डिस्कमधून काहीही मिळालं नाही. झेनॉनच्या प्रयोगाचे निष्कर्ष २००८ मध्ये 'फिजिकल रिव्ह्यू ई' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ज्यांनी तो प्रयोग अंतराळात चालवला, त्यांचं काम पुरं झालं.

टकटक करणाऱ्या डिस्कचं कामही अशाच हातांनी व्हायला हवं. ती घरी उघडू नये, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत काउंटरवर बसून तर मुळीच उघडू देऊ नये. धूळ गाळलेल्या हवेच्या खोलीत, त्याच मॉडेलच्या दुसऱ्या डिस्कची हेडं काढून हिच्यात बसवावी लागतात. फक्त सर्किट बोर्ड बदलून डिस्क चालू होण्याचे दिवस गेले. आता प्रत्येक डिस्कची स्वतःची मापं तिच्या बोर्डावरच्या चिपमध्ये लिहिलेली असतात, ती चिपही हलवावी लागते. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवायचा जुना तोडगा अजून फिरतो. बाहेर काढल्यावर आत दव धरतं आणि ओल्या चकतीवर हेड आपटतं. प्रयोगशाळा निवडताना विचारावं: आधी तपासून लेखी अंदाज देता का, डेटा नाही मिळाला तर काय आकारता, मिळालेल्या फाइलींची यादी पैसे भरण्याआधी दाखवता का. आणि डिस्कवर आधी काय काय करून झालंय ते त्यांना न लपवता सांगावं.

काही डिस्कच्या बाबतीत वरचं बरंचसं लागू पडत नाही. एसएसडीमध्ये, आणि अलीकडच्या काही पोर्टेबल हार्ड डिस्कमध्येही, 'ट्रिम' नावाची सोय असते. फाइल डिलीट झाली की संगणक डिस्कला सांगतो, ही जागा आता नको. त्यानंतर ती जागा वाचली तर बहुधा शून्यं मिळतात. अशा डिस्कवरून डिलीट झालेली फाइल परत येण्याची आशा फार कमी. काही पोर्टेबल डिस्क आपल्या यूएसबी बोर्डावर सगळा मजकूर कूटबद्ध करतात, पासवर्ड न लावताही. खोका फोडून आतली डिस्क थेट जोडली तर नुसता कचरा दिसतो. बिटलॉकर लावलेलं असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की हवीच, तिच्याशिवाय कोणाचंही काही चालत नाही. ती त्याच डिस्कवर साठवलेली असते, असं दुर्दैवानं घडतं.

दुसरी प्रत ठेवा, हे सगळ्यांना माहीत असतं. छायाचित्रकार पीटर क्रॉग यांनी रूढ केलेला ३-२-१ चा नियम त्यासाठी पुरेसा आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यांतली एक घराबाहेर. नुसता पसारा वाढला म्हणून लॅपटॉपमधून फोटो उचलून पोर्टेबल डिस्कवर 'हलवले', तर तो बॅकअप झाला नाही. प्रत एकच राहिली, तीही पडू शकणाऱ्या वस्तूत.

परत मिळालेली फाइल उघडून पाहिल्याशिवाय मिळाली असं धरू नये. आकार बरोबर असतो, नाव बरोबर असतं आणि फोटो अर्धा करडा निघतो. आपल्याकडच्या प्रकाशकांना आणि अक्षरजुळणी करणाऱ्यांना इथे आणखी एक अडथळा लागतो. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची पुष्कळ मराठी पुस्तकं पेजमेकरमध्ये श्रीलिपीसारख्या फॉन्टांत जुळवलेली आहेत, युनिकोडमध्ये नाहीत. त्या फाइलीतल्या बाइटांना मराठी अक्षराचं रूप तो विशिष्ट फॉन्टच देतो. फाइल शंभर टक्के शाबूत परत आली आणि फॉन्ट जुन्या संगणकाबरोबर गेला, तर पानभर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ दिसतो. तो पाहून फाइल करप्ट समजून टाकून देऊ नये. ज्या संस्थेनं ती जुळणी केली तिच्याकडे तो फॉन्ट शोधावा, त्या फॉन्टसाठी बनवलेल्या परिवर्तकातून मजकूर युनिकोडमध्ये आणावा, जोडाक्षरं आणि रफार मूळ छापील पानाशी ताडून पाहावेत, आणि मग त्या मजकुराच्या, पीडीएफच्या आणि फॉन्टच्याही प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात.